हिरवी माती

तांब्या ओठाला लागायच्या आतच नागनाथचा हात थांबला. त्यानं थांबवला असं नव्हतं. घसा कोरडा पडला होता, भर दुपारी पंक्चर झालेली स्कूटर ढकलत आणल्यामुळं शर्ट पाठीला चिकटला होता, आणि विहिरीतून नुकतंच शेंदलेलं पाणी समोर आलं होतं. पण जर्मनच्या पांढऱ्या तांब्यात ते पाणी पिवळं दिसत होतं. ऊन असेल म्हणून त्यानं तांब्या सावलीत धरला. सावलीतही पिवळंच. त्यानं तांब्या हळूच बाजेवर ठेवला, आणि ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की सगळे त्याच्याकडं बघतायत. "कामून रे?" चांगुणाबाई म्हणाली. तिच्या हातात अजून दोर होता, आणि दोराचं पाणी तिच्या पावलांवर ठिबकत होतं. "बँकेत साहेब झालास म्हून मावशीच्या हातचं पाणी चालंना व्हय?" भोवतीची माणसं हसली. हसू आखूड होतं, सुरू झालं तसं लगेच संपलं. नागनाथ म्हणाला, "तसं न्हाई मावशी, सकाळपासून पोट बरं न्हाई." खोटं बोलताना आपला आवाज किती नीट निघतो याचं त्याला नवल वाटलं. चांगुणाबाईनं तांब्या उचलला, त्याच्याकडं बघत बघत अर्धा स्वतः प्याली आणि उरलेलं पाणी दारातल्या तुळतुळीत मातीवर ओतून टाकलं. माती हिरवट होती. ओली झाल्यावर ती आणखी हिरवी झाली.

जागा बघायला तो बँकेतर्फे आला होता. गुलबर्ग्याच्या स्टेशनापलीकडं, शहाबादकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून, कातडी कमवायचा जुना कारखाना होता. निजामाच्या काळात शिवशंकरप्पा शेठच्या वडिलांनी तो काढला, चालवला, आणि म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमाराला तो बंद पडला. तेव्हा ती जागा गावाबाहेर होती. मग गाव वाढत वाढत तिच्या अंगावर आलं, दोन्ही बाजूंना घरं झाली, सिनेमा थिएटर झालं, आणि मधोमध पडक्या भिंती, कातडी भिजवायचे हौद, वेड्या बाभळी आणि ही हिरवी माती एवढंच राहिलं. तेवढी जागा आता एक गृहनिर्माण सोसायटी विकत घेणार होती. सोसायटीतले सगळे बौद्ध. कुणी रेल्वेत गँगमन, कुणी मिलमध्ये, कुणी कचेरीत शिपाई, दोघं शाळामास्तर. सरकारी दवाखान्यात आया म्हणून उभी हयात काढलेली चांगुणाबाई त्यांची चेअरमन. त्यांच्याजवळ थोडे पैसे जमले होते, बाकीचे बँकेनं द्यायचे होते. गावात दुसरीकडं त्यांनी कितीतरी प्लॉट पाहिले. मालक जागा दाखवायचे, मग नाव विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती जागा कालच विकली गेलेली असायची. शिवशंकरप्पानं मात्र नाव विचारलं नव्हतं. उलट सौदा पक्का व्हायच्या आधीच झोपड्या टाकायला परवानगी दिली होती. त्याचा चांगुलपणा सोसायटीच्या प्रत्येक सभेत निघायचा. आज त्या पडक्या भिंतीच्या सावलीत उभं असताना नागनाथला पहिल्यांदाच वाटलं, शेठनं नाव विचारलं नाही, कारण त्याला गिऱ्हाईक कोण येणार ते आधीच ठाऊक होतं.

स्कूटर दुरुस्त करून घरी येताना त्याच्या कानात ते आखूड हसू वाजत राहिलं. पाण्यावरून आपल्याला कुणी हसेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या गावी, निंबर्ग्याला, लहान असताना तो आईबरोबर आडावर जायचा. जायचा म्हणजे आडापासून लांब, चिंचेखाली बसायचा. कुणीतरी येऊन वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत आई, राजूबाई, उभी राहायची. चांगुणाबाईही तिथंच उभी राहायची, दोघी एका गल्लीतल्या, एका वर्षी लग्न होऊन आलेल्या. त्या ओतलेल्या पाण्याला काही वास नसायचा, रंग नसायचा. ते अगदी स्वच्छ पाणी असायचं. मग धम्म घेतला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मेलेली जनावरं ओढायची नाहीत असं त्यांच्या वस्तीनं ठरवलं. बाप ग्यानबा सगळ्यांत आधी उठून बोलला होता. पुढं गावात कुणाचातरी बैल मेला तो वेशीतच पडून राहिला. निरोपावर निरोप आले, वस्तीतून कुणी गेलं नाही. वास आधी वेशीत होता, मग देवळात गेला, मग सगळ्या गावात, आणि वाऱ्याबरोबर वस्तीतही आला. नागनाथनं नाकाला आईचा पदर लावला होता आणि पदरातूनही तो वास येत होता. मग वस्तीला पिठाची गिरणी बंद झाली, शेतातलं काम बंद झालं, आणि बापानं बायकापोरं घेऊन गुलबर्ग्याची वाट धरली. मागोमाग चांगुणाबाईचं घरही आलं. त्यानंतर आईनं कातड्याची चप्पल कधी पायात घातली नाही. शेवटपर्यंत रबरी चपलेत वावरली. आणि आज हौदाच्या काठावर उभं राहून मोजमापाचा नकाशा बघताना खालून, फार जुना, जवळजवळ विरलेला, पण तोच वास आला होता. इतक्या लांब चालत येऊन माणसं शेवटी कुठं येऊन घर मागत होती, हा विचार मनात आला तसा त्यानं गियर बदलला आणि स्कूटर जोरात पळवली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथं गेला, चांगुणाबाई बाजारात गेलेली असताना, आणि विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. चोरी केल्यासारखं. माणिकप्पा कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा, दोघं शाळेत एका बाकावर होते. त्यानं बाटली उजेडात धरली, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात कसलंसं औषध टाकलं, रंग बदलला तसा त्याचा चेहराही बदलला. "क्रोमियम आहे," तो म्हणाला. "पूर्वी कातडी कमवायला त्याचंच मीठ वापरायचे. माती हिरवी आहे म्हणालास ना? तेच. मातीतून विहिरीत उतरलंय. हे पाणी पिऊ तर नकोच, भांडीही घासू नको. पोरं मातीत खेळतात का?" नागनाथ म्हणाला, "खेळतात." "त्यांच्या पायाला जखमा दिसल्या? बारीक, खोल, टोचा मारल्यासारख्या?" नागनाथला दिसल्या होत्या. पोरांच्या पायावर कुठं जखमा नसतात, म्हणून त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. आता त्या एकेक करून आठवायला लागल्या. चांगुणाबाईच्या टाचेजवळ होती, दोराचं पाणी जिथं ठिबकत होतं तिथं. "ही माती काढता येते का?" त्यानं विचारलं. माणिकप्पा म्हणाला, "काढता येते. खर्च करायची तयारी असेल तर सगळं काढता येतं."

बँकेच्या फॉर्ममध्ये मातीचा रकाना नव्हता. मालकी, चतुःसीमा, रस्ता, बाजारभाव, कर्जदारांची ऐपत, सगळ्याला रकाने होते. ते त्याला भरता आले असते. त्यात एकही अक्षर खोटं पडलं नसतं. टेबलावर फॉर्म पडून होता आणि नागनाथ पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. लिहिलं नाही तर कोण विचारणार होतं? माती काही बोलायला येत नाही. लिहिलं तर कर्ज नामंजूर होणार, कारण ज्या जमिनीवर कर्ज द्यायचं तीच विषारी म्हटल्यावर तारण कशाचं? शिवशंकरप्पा उद्या दुसऱ्या कुणाला तरी गोदामासाठी जागा विकेल, झोपड्या उठतील, आणि आपल्या माणसानंच आपल्याला उठवलं असं म्हणत ही माणसं पुन्हा भाड्याच्या खोल्यांत पांगतील. त्यांचं काही चुकणारही नाही. आणि नाही लिहिलं तर? त्या विचाराच्या पुढं त्याचं मन जायचंच नाही. तिथं येऊन ते टाचेजवळच्या त्या बारीक भोकात अडकायचं. संध्याकाळी बँक रिकामी झाली तेव्हा त्यानं फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला माती आणि पाण्याविषयी लिहून टाकलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. मॅनेजरनं ते वाचलं आणि चष्मा काढला. मॅनेजर धारवाडकडचा, सभ्य माणूस, मराठी तुटक बोलायचा. "शिंगे, तुम्ही उतारा बघायचा का माती चाखायची?" तो म्हणाला. "तुमचीच माणसं आहेत. मी उलट वरच्यांना सांगून हे कर्ज करून घेणार होतो. आणि तुम्हीच आडवे येता?" 'तुमचीच माणसं' हे शब्द नागनाथनं आजवर पुष्कळदा ऐकले होते, पण ते आपल्याला गप्प बसवायलाही वापरता येतात हे आज कळलं.

बातमी पोचायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी चांगुणाबाई घरी आली. नागनाथची बायको कमलबाई चहा ठेवायला उठली तर तिला हातानंच खाली बसवलं. स्वतः बसली नाही. दारातच उभी राहिली, चौकटीला एक हात लावून, दवाखान्यात वॉर्डच्या दारात उभी राहायची तशी. "लिवलास म्हणं," ती म्हणाली.

"लिवलो मावशी. त्या पाण्यात विष हाय."

"मंग दुसरी जागा दाव. चल, आत्ता येते तुज्यासंगं. दावतोस?"

नागनाथ जागेवरून उठला नाही.

"ज्याला घर हाय त्याला मातीची चौकशी सुचती," ती म्हणाली. "तुजं घर क्वार्टरचं, सिमेंटचं. राजूबाई असती तर तुला इचारली असती, कुणाच्या बाजूनं बोलायलास म्हून."

"लेकरांच्या पायाकडं बघा की. तुमच्या टाचंकडं बघा. ती जखम भरना झालीय का न्हाई?"

चांगुणाबाईनं पाय लुगड्याआड घेतला. तेवढीच एक हालचाल, पण नागनाथला वाटलं आपण तिला कमलबाईसमोर उघडं पाडलं. "जखमा भरत्यात," ती हळू आवाजात म्हणाली, "मी दवाखान्यात लई बघितल्यात. दुसऱ्याच्या घरात मरायचं मातर भरून निघत न्हाई." आणि ती चहा न घेता निघून गेली. कमलबाईनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही लिहिलं ते बरोबरच आहे. पण एवढं लिहून थांबलात कशाला? काढायला काय लागंल ते कामून लिहिलं नाही?"

हे इतकं साधं होतं की नागनाथ तिच्याकडं बघतच राहिला. विष आहे म्हणून सांगणं हेच आपलं काम, पुढचं दुसऱ्याचं, असं त्यानं गृहीत धरलं होतं. पण दुसरं कोण? म्युनिसिपालटी म्हणणार जागा खाजगी, मालक म्हणणार जागा विकली, बँक म्हणणार आम्ही घरासाठी कर्ज देतो, घाणीसाठी नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि माती जिथल्या तिथं. तो माणिकप्पाला भेटला, ट्रकवाल्यांचे दर काढले, आणि शिवशंकरप्पाच्या अडत दुकानी गेला. गादीवर तक्क्याला टेकलेला शिवशंकरप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला, मऊ बोलणारा माणूस होता. तुरीच्या पोत्यांचा धुरळा उन्हात तरंगत होता. नागनाथनं सांगितलं की जागेच्या किमतीतला तिसरा हिस्सा कमी करा. तेवढी रक्कम कर्जातूनच बाजूला ठेवू आणि माती काढायला लावू. शिवशंकरप्पा हसला. "माती माझ्या वडिलांनी खराब केली, मी नाही," तो म्हणाला. नागनाथ म्हणाला, "पण किंमत तुम्ही घेणार, शेठ." या गावात अशा गादीसमोर उभं राहून त्याच्या घरातल्या कुणी असं बोललं नव्हतं. तो पुढं एवढंच म्हणाला की आता हे लिहिलं गेलंय, दुसरं गिऱ्हाईक आणलंत तरी ते कुठल्यातरी बँकेतच येईल. शिवशंकरप्पाचं हसू गेलं नाही, पण डोळ्यांतून उतरलं. बराच वेळ त्यानं तुरीचे दाणे तळहातावर फिरवले. "घाण विकत घ्यायला तुम्हीच आलात अण्णा," तो शेवटी म्हणाला, "आणि घाण काढायचे पैसेही मलाच मागता. बरं आहे. घ्या." बाहेर आल्यावर नागनाथला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तो नुसता कपड्यांवरचा तुरीचा धुरळा झटकत राहिला.

मंजुरी यायला उन्हाळा उलटला. मॅनेजरनं स्वतः पाठपुरावा केला, हे नागनाथला नंतर कळलं. वरून आलेल्या मंजुरीत एक अट होती: शेवटचा हप्ता देण्याआधी विषारी माती पूर्णपणे उचलून जागेबाहेर नेल्याचा दाखला क्षेत्र अधिकाऱ्यानं द्यावा. क्षेत्र अधिकारी म्हणजे तोच. सोसायटीत गूळ वाटला गेला. चांगुणाबाईनं त्याला निरोप धाडून बोलावलं, त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आणि त्या रविवारचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. झोपड्या तात्पुरत्या रस्त्याच्या कडेला हलल्या, निंगप्पा नावाच्या कंत्राटदाराचे ट्रक आले, खोदाई सुरू झाली. वरची माती काढली तशी खालून आणखी हिरवी निघाली, मग निळसर, मग ओलसर काळी, तिला तो वास. नागनाथ बँक सुटल्यावर रोज तिथं जायचा. खड्डा खोल होत जायचा तसं त्याला सुटल्यासारखं वाटायचं, जणू त्याच्याच अंगातलं काहीतरी कुणी टोपल्यानं उपसून नेतंय. त्यानं निंगप्पाला एकदा विचारलं होतं, कुठं टाकायलास? निंगप्पा म्हणाला, "लांब टाकायलोय साहेब. गावाबाहेर." नागनाथनं मान हलवली. तेव्हा तो शब्द पुरेसा वाटला. पण नंतर, बँकेत चेक तपासताना, जेवताना, कमलबाई काही विचारत असताना तो शब्द मनात पुन्हा पुन्हा यायला लागला. लांब. कुणापासून लांब? हे गावही एकदा कारखान्यापासून लांबच होतं. निंबर्ग्यातली त्यांची वस्तीसुद्धा गावापासून लांब होती. तिथं राहणाऱ्याला ती कधी लांब वाटली नव्हती. त्यानं स्वतःला बजावलं की तू कर्ज देणारा माणूस आहेस, जगातली सगळी माती तुझ्या अंगावर नाही. हे पटत होतं. तरीही एका दुपारी, काम जवळजवळ संपत आलेलं असताना, त्यानं ट्रकच्या मागं स्कूटर घातली.

ट्रक शहाबादच्या रस्त्यानं गेला आणि फरशीच्या एका सोडून दिलेल्या खाणीकडं वळला. खाणीच्या तळाशी पाणी साठलं होतं. वरच्या अंगाला दगड फोडणाऱ्या वडारांच्या झोपड्या होत्या. ट्रकनं काठाकडं पाठ केली, फळी उघडली, आणि हिरवी माती घसरत घसरत पाण्यापर्यंत गेली. तिथं कपडे धूत असलेली एक बाई धुरळा उडाला म्हणून चार पावलं सरकली आणि पुन्हा धुवायला लागली. नागनाथनं स्कूटर बंद केली नाही. पाय टेकवून उभ्या उभ्या त्यानं एवढं पाहिलं की एका झोपडीच्या दारात हीच माती टोपलीत भरून ठेवलेली आहे, आणि मग तो वळला. बँकेत त्याच्या टेबलावर दाखला टाइप करून ठेवलेला होता. माती पूर्णपणे उचलून जागेबाहेर नेली आहे. शब्दन् शब्द खरा. मॅनेजर केबिनच्या दारात येऊन म्हणाला, "शिंगे, सही करून टाका. मुहूर्ताला मलाही बोलावलंय त्यांनी." नागनाथला त्या क्षणी मॅनेजरविषयी माया वाटली, शिवशंकरप्पाविषयी, निंगप्पाविषयीसुद्धा. कुणीच वाईट नव्हतं. आपणही सही केली तर वाईट ठरणार नव्हतो. तो म्हणाला, "जरा जाऊन येतो," आणि सही न करता बाहेर पडला.

चांगुणाबाई मोकळ्या झालेल्या जागेवर चुन्याच्या रेघांमध्ये उभी होती. चाळीसेक घरांच्या रेघा आखून झाल्या होत्या, आणि ती आपल्या रेघांच्या आत उभं राहून हातवारे करत सुनेला चूल कुठं, खिडकी कुठं ते दाखवत होती. नागनाथनं तिला बाजूला बोलावून सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा थकत थकत गेला.

"तुला कुठंच गप बसवत न्हाई का रे?" ती म्हणाली.

"मी सही केली तर आज हप्ता मिळतो मावशी. न्हाई केली तर कवा मिळंल सांगता येत न्हाई. तुम्ही म्हणाल तसं करतो."

"माज्यावर घालतोस व्हय?" ती एकदम चिडली. "वडारांचं वडार बघतील. आमचं कोण बघितलं होतं?" हे बोलून ती थांबली. सून लांबून बघत होती. वाऱ्यानं चुना उडत होता. चांगुणाबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "ने. दाव मला. बघितल्याबिगर मी काय सांगू?"

खाणीवर पोचेपर्यंत स्कूटरवर तिचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि खड्डा आला की बोटं रुतत होती. टोपली ठेवलेली ती झोपडी नागव्वा नावाच्या तरुण बाईची होती. पाहुणी बघून तिनं आत बोलावलं. झोपडीतली जमीन नुकती सारवलेली होती, गुळगुळीत, थंड, शेवाळी रंगाची, कडेनं बोटांची नक्षी ओढलेली. मधोमध एक रांगतं लेकरू पालथं पडून ओला हात जमिनीवर आपटत होतं आणि तोच हात तोंडात घालत होतं. "छान बसते ही माती, अक्का," नागव्वा कन्नडमध्ये म्हणाली. "शेणात कालवली की भेग पडत नाही. आमच्या सगळ्या बायकांनी नेली." चांगुणाबाईनं पहिल्यांदा लेकरू उचललं. विचारलं नाही, काही नाही, वॉर्डातून उचलावं तसं उचललं, पदरानं त्याचा हात पुसला, तोंड पुसलं, आणि मग कन्नडमध्येच सांगितलं की ही माती विष आहे, कातड्याच्या कारखान्यातली. नागव्वा आधी हसली. मग तिनं लेकरू हिसकावून घेतलं.

"मग आमच्या दारात कशाला आणून टाकली?"

चांगुणाबाईनं नागनाथकडं बघितलं. त्याच्या मनात शब्द उठले, कर्ज, अट, हप्ता, दाखला, मराठीत उठले, कन्नडमध्ये उठले, आणि कुठल्याच भाषेत ते या बाईला सांगण्यासारखे नव्हते.

"आम्ही बघितलं नाही, बाई," चांगुणाबाई म्हणाली.

"लारी तुमचीच ना?"

"होय. आमचीच."

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. नागनाथनं दाखला दिला नाही, शेवटचा हप्ता वर्षभर अडकला, आणि माती परत आणून जागेतच पक्क्या खड्ड्यात पुरायच्या खर्चाला बँकेजवळ कुठलंच खातं नव्हतं. माणिकप्पानं खड्ड्यासाठी उंचावरची, विहिरीपासून दूरची जागा दाखवली. तिथं चार प्लॉट होते, त्यात चांगुणाबाईचा. दोन सभा शिवीगाळीत मोडल्या. चांगुणाबाई आपल्या प्लॉटसाठी भांडली, चांगली कडकडून भांडली. शेवटी प्रत्येकाच्या प्लॉटमधून हातभर रुंदी काढून त्या चौघांना जागा करून दिली, आणि खड्ड्याला आतून फरशी बसवायला वडारच आले. विहीर बुजवली. घरं झाली, अरुंद झाली. काही माणसं नागनाथशी पुढं कधी बोलली नाहीत. मॅनेजरनं खेदानं का होईना, त्याची औरादला बदली केली. बऱ्याच वर्षांनी तो खाणीवर गेला तेव्हा तिथं झोपड्या नव्हत्या. दुसऱ्या खाणीवर गेले, कुणीतरी म्हणालं. कुठल्या ते माहीत नव्हतं. त्या लेकराचं काय झालं हे त्याला कधीच कळलं नाही, आणि कळलं नाही हे तो कुणाला सांगूही शकला नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. चांगुणाबाईनं नागव्वाकडं खुरपं मागितलं आणि कासोटा आवळून जमिनीवर बसली. तिला बसताना त्रास झाला. तिनं एका कडेपासून सारवण खरवडायला सुरुवात केली. नक्षी आधी निघाली. नागव्वा लेकरू कडेवर घेऊन दारात उभी होती, राग अजून तिच्या नाकपुड्यांत होता. नागनाथनं घड्याळ काढून खिशात टाकलं, चुलीजवळ पडलेला पत्र्याचा तुकडा घेतला आणि तोही गुडघ्यांवर बसला. पत्र्याखाली माती पापुद्र्यांनी सुटत होती. खाली जुनी, तांबडी जमीन लागत होती. घाम डोळ्यांत जात होता, आणि किती दिवसांनी त्याच्या डोक्यात एकही वाक्य जुळत नव्हतं. बाहेर पुढचा ट्रक आल्याचा आवाज झाला, निंगप्पाही बोलताना ऐकू आला, तशी चांगुणाबाई बसल्या जागेवरून ओरडली, "निंगप्पा, फळी उगडू नगंस! न्हेलेलं समदं परत भरायचं हाय!" इंजिन बंद पडलं. मग नागव्वानं लेकराला चांगुणाबाईच्या पाठीशी, खरवडून झालेल्या तुकड्यावर ठेवलं, कोपऱ्यातल्या उतरंडीची मडकी एकेक करून बाहेर नेली, आणि आत येऊन, नागनाथकडं वळून अडखळत मराठीत म्हणाली,

"अण्णा, उतरंडीखालचं राहिलंय की. तिथं लई जाड बसलंय."